परगावची मूठ

मित्रांनो, सुट्टीत खेळून दमलात की ज्या वीतभर उंच कट्ट्यावर बसून तुम्ही बोरं खाता, त्या कट्ट्याच्या पोटात मी आहे. झाकण उचलून वाकलात तर दिसेन. काळ्या दगडाचं, घासून घासून आरशासारखं झालेलं एक म्हातारं उखळ. आत तोंड घालून हाक मारलीत तर तुमचाच आवाज तुम्हाला जरा जाड करून परत देईन. माझ्याजवळ देण्यासारखं तेवढंच. बाकी जन्मभर मी घेतच आलो. घाव घेतले, दाणे घेतले, गाणी घेतली.

माझा जन्म गावाबाहेरच्या माळावरचा. मच्छिंद्र नावाच्या पाथरवटानं मला मोठ्या धोंड्यातून मोकळं केलं. आठ दिवस त्याची छिन्नी माझ्या पोटात फिरत होती. दुखलं का, असं विचाराल तर सांगतो, दुखलं. पण तो मारताना गुणगुणायचा, त्यामुळं सोसलं.

दगडा रं दगडा, पोटात घे घाव,
दाणं येतील वस्तीला, गाव घेईल नाव.

नाव घ्यायला गाव येईल हे मला पटलं नव्हतं. पण आली ती शाळा.

या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. घनसावंगीहून जीपनं आपल्या गावाला येताना दोन्ही बाजूंना ऊस लागतो ना, तेव्हा तो इतका नव्हता. आपल्या गावची माणसं ऊस तोडायला मात्र तेव्हाही लांब जात. दिवाळी सरली की ट्रक यायचे. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं घेऊन जायचे. मागं राहायची म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं.

त्या वेळी गिरिधर गुरुजी शाळेवर होते. थंडीचे दिवस आले की ते वर्ग बाहेर उन्हात भरवायचे. एका भोगीच्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज कुणाकुणाच्या घरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली?" निम्मे हात वर गेले. निम्मे मांडीवरच राहिले. पहिल्या रांगेतली एक शेंबडी पोरगी म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी आई न्हाई तर सन कुठून येईल?"

गुरुजी त्या दिवशी पुढं शिकवू शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकल काढून ते मच्छिंद्रकडं आले. महिन्याभरात बैलगाडीतून माझी वरात निघाली आणि शाळेच्या अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, मला गळ्यापर्यंत जमिनीत बसवलं.

मग गुरुजींनी रीत घातली. भोगीच्या दिवशी प्रत्येक लेकरानं घरून एक मूठ तीळ आणायचे. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, ते बघायचं नाही. सगळे तीळ भाजून माझ्यात पडायचे, वर गूळ पडायचा. प्रत्येकानं मुसळाचा एक घाव घालायचा आणि घाव घालताना स्वतःचं नाव घ्यायचं. ज्या पोरांना आईबापांबरोबर उसाला जावं लागलं, त्यांच्या नावाचाही घाव पडायचा. त्यांच्या बाकावर शेजारी बसणारानं त्यांच्या वाटची मूठ आणायची. तिला नाव पडलं परगावची मूठ. तिचे लाडू डब्यात भरून फडावर जायचे. पोरींनी त्याला गाणंही जोडलं.

मूठ माझी, मूठ तुझी, उखळात झाली एक,
कूट गं सये, कूट आता, सारी एका घरची लेक.
परगावच्या सये, तुझा घाव मी घालते,
उसाच्या फडात तुझी वाट मी चालते.

खरं सांगू? पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, तीळ ते तीळ, कुटायचे आणि मोकळं व्हायचं. पण त्या दिवशी ती शेंबडी पोरगी मुसळ दोन्ही हातांनी कशीबशी उचलून म्हणाली, "साळू." मुसळ तिच्यापेक्षा उंच होतं. घाव तिळावर न पडता माझ्या काठावर पडला, टवका उडाला. तो टवका अजून आहे. उजव्या बाजूला बोट फिरवून बघा.

तीच ही साळूबाई. आज शाळेत तुमची खिचडी शिजवते.

तिनं शाळेत रांधायला सुरुवात केली त्या वर्षीची गंमत सांगतो. संक्रांतीच्या आधी तिनं माझ्यात लाल मिरच्या कुटल्या आणि ओल्या फडक्यानं मला पुसून घेतलं. फडक्यानं मिरची कुठं जाते होय? ती माझ्या बारीक खळग्यांत जाऊन बसली. दोन दिवसांनी तिळगूळ झाला. तालुक्याचे साहेब आले होते. त्यांनी अख्खा लाडू तोंडात टाकला आणि त्यांचे कान लाल झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. एक आगाऊ पोरगी समोर उभी राहून म्हणाली, "बोला ना साहेब, गोड गोड." साहेब बोलेनात. तेव्हापासून भोगीच्या आदल्या दिवशी मला गरम पाण्यानं तीनदा धुतात.

अशी माझी वर्षं गेली. हिवाळा आला की मी जागा व्हायचो. आधी हुरडा यायचा, मग भोगी, मग संक्रांत. भोगीला अंगणात चूल पेटायची. घेवडा, गाजर, वांगी, हरभऱ्याचे घाटे, बोरं, सगळं एका पातेल्यात. दुसऱ्या दिवशी पोरी सुगडं पुजायच्या. ज्या उसानं आई लांब नेली, त्याच उसाची कांडकी सुगडात ठेवायच्या. पोरं रुसत नाहीत उसावर. मोठ्यांनी शिकावं असं आहे ते.

पण मित्रांनो, जपणं सुटलं की मोडणं सुरू होतं. माझ्या तोंडावर सागाचं जाड झाकण होतं. तीन वर्षांपूर्वी अंगणात हुरडा भाजत होते. गोवऱ्या कमी पडल्या. हुरडा तर ऐन रंगात, कणसं हिरवीगार, हात थांबेनात. कुणीतरी माझं झाकण उचलून आगटीत घातलं. कोण ते मी सांगणार नाही, आता तो बाप्या झाला आहे. हुरडा झकास भाजला. माझं तोंड मात्र उघडं पडलं.

"उद्या नवं करू," सगळे म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. माझ्यात लिंबाचा पाला साचला, पावसाचं पाणी साचलं, चॉकलेटचे कागद साचले. आणि गेल्या वर्षी लंगडी खेळता खेळता पार्थचा पाय सरळ माझ्यात गेला. हाड मोडलं. महिनाभर पोरगं प्लास्टरमध्ये होतं. त्याचं ओरडणं मी माझ्या पोटात ऐकलं. दगडाला रडता येत नाही, पण त्या दिवशी मला पुन्हा धोंडा व्हावंसं वाटलं.

कल्याण सर तेव्हा नुकतेच मुख्याध्यापक होऊन आले होते. माणूस वाईट नाही. पार्थला त्यांनीच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. यंदा त्यांनी अंगणात ब्लॉक बसवायचं मंजूर करून आणलं. चिखल नको, खड्डा नको. आणि खड्डा म्हणजे मी. माझ्यात मुरूम भरायचा आणि वरून ब्लॉक, असं ठरलं. तिळगुळाची तयार पाकिटंही त्यांनी मागवून ठेवली होती. प्रत्येकाला एक.

भोगी चार दिवसांवर आली. बबलू मिस्त्री त्याचे गडी घेऊन सकाळीच हजर झाला. फाटकापासून ब्लॉकची रांग माझ्याकडं सरकू लागली. दुपारच्या सुट्टीपर्यंत ती पाच हातांवर आली. एका गड्यानं मुरमाचं घमेलं माझ्या काठावर आणून ठेवलं. मी आत बघत होतो. आत अंधार होता, आणि आता तो कायमचा होणार होता.

तेवढ्यात माझ्यावर सावली पडली. कुणीतरी माझ्या तोंडावर येऊन बसलं. पाय आत सोडून, ठाण मांडून.

ती दीपमाला होती. चौथीतली. आजीजवळ राहणारी. तिची आई नंदाबाई आणि वडील दिवाळीनंतर उसाला गेलेले.

बबलू मिस्त्री म्हणाला, "ए पोरी, ऊठ. जल्दी. सिमेंटचा मसाला वाळून राह्यला माझा."

"वाळू द्या."

"अगं, आत मुरूम टाकायचाय."

"माझ्यावर टाका मंग."

मिस्त्रीनं डोक्याचा रुमाल काढून झटकला. "सर! ओ सर! इकडं या. पोरीला उचलू का उखळाला, एकदाचं सांगा!"

साळूबाई खिचडीचा झारा हातात घेऊनच बाहेर आली. "उखळाला हात लावून बघ रे बबल्या. आज खिचडी मिळणार न्हाई तुला."

"मावशी, तुमची खिचडी खाऊनच तर मोठा झालो. पण मी हुकमाचा माणूस हाय."

"खाल्लेल्या मिठाचा हो आधी."

कल्याण सर आले. मागून वंदना मॅडम आल्या. पोरांचा गराडा पडला. सर माझ्याजवळ उकिडवे बसले. आवाज चढवला नाही त्यांनी.

"दीपमाला, ऊठ बाळा. गेल्या वर्षी पार्थचा पाय कशात मोडला?"

"ह्याच्यात."

"मग? आणखी कुणाचा मोडू द्यायचा?"

"उखळानं न्हाई मोडला, सर. झाकण न्हवतं म्हनून मोडला. झाकण आपल्याच लोकांनी हुरड्यात जाळलं."

गराड्यात कुणीतरी खोकलं. मी मनात म्हटलं, बरोब्बर.

सर म्हणाले, "सण आपण बंद करत नाही. पाकिटं आलीत. सगळ्यांना तिळगूळ मिळेल."

दीपमालानं फ्रॉकच्या खिशात हात घातला. जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक पुरचुंडी काढली. लिंबाएवढी. गाठ मारून घट्ट केलेली.

"ही आईची मूठ हाय," ती म्हणाली. "जाताना बांधून देल्ती. म्हन्ली, भोगीला उखळात घाल आन् माझ्या नावाचा घाव घाल, म्हंजे मी आल्ते असं समज." तिनं पुरचुंडी सरांसमोर धरली. "सर, पाकिटात मी आईची मूठ कुठून टाकू?"

बबलू मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.

वंदना मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही मागच्या भोगीला नव्हता, पार्थजवळ दवाखान्यात होता. वर्गातल्या अकरा पोरांच्या घरी आत्ता आई नाही. त्यांना घरी सण नसतो. ही पोरं या दिवसात शाळेत टिकून राहतात ती पुस्तकासाठी नाही, खोटं कशाला बोलू. इथं आपल्या आईचं नाव कुणीतरी घेतं, म्हणून राहतात."

सरांनी माझ्या काठावरच्या टवक्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "झाकण केलं, तर रोज ठेवणार कोण?"

"मी."

"तू जूनमध्ये पाचवीला दुसऱ्या शाळेत जाशील."

"मंग तिसरीतल्या अक्षताला शिकवीन."

"आणि अक्षता गेली की?"

"ती दुसरीला शिकवील. सर, आपल्या शाळेत पोरी संपनार हायेत का?"

साळूबाई फसकन हसली. पहिल्यांदा ती हसली, मग मॅडम, मग सगळं अंगण. सर हसले नाहीत. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं. "बबलूभाऊ, ह्याच्याभोवती कट्टा होईल का? चालताना पाय जाणार नाही इतका उंच?"

"न व्हायला काय झालं? वीतभर उंच करतो, गोल. झाकणाला सेंट्रिंगची फळी देतो माझी." बबलू मिस्त्री घमेलं उचलता उचलता म्हणाला, "मी बी तिसरीत असताना घाव घातल्यात ह्याच्यात. तुम्ही विचारलंच न्हाई, सर."

"तूही बोलला नाहीस."

"मी हुकमाचा माणूस, सर."

दीपमाला मात्र उठली नाही. कट्ट्याची पहिली वीट माझ्याशेजारी बसली, तेव्हाच तिनं पाय बाहेर काढले. पोरगी पक्की.

चार दिवसांनी भोगी आली. आदल्या दिवशीच गरम पाण्यानं मला तीनदा धुतलं होतं. वर्षभराचा पाला, कागद, सगळं निघालं. चुलीवर भाजी रटरटत होती, बाजरीच्या भाकरीवर तीळ तडतडत होते. एकेक लेकरू येई, मूठ उघडी, नाव सांगे, घाव घाली. पार्थनं दोन घाव घातले. "एक माझा, एक माझ्या पायाचा," म्हणाला.

दीपमालाची पाळी आली. तिनं पुरचुंडीची गाठ दातांनी सोडली. चिंधी उघडली आणि बाजूची अक्षता ओरडली, "अगं दीपे, हे तीळ न्हाईत! कारळं हाय!"

खरंच होतं. काळीभोर, सडपातळ, चकचकीत कारळं. चटणीला वापरतात ती. पहाटे ट्रकचा हॉर्न वाजत असताना, अंधारात, नंदाबाईच्या हाती तिळाऐवजी कारळ्यांचा डबा आला असणार. घाईत गाठ मारली, लेकीच्या हातात दिली आणि ती धावली.

पोरं हसली. "कारळ्याचे लाडू! चटणीचे लाडू!" दीपमालाचा चेहरा पडला. मुरमाच्या घमेल्यापुढं न हललेली पोरगी, पण आता तिचे डोळे भरले. तिनं चिंधी मिटायला घेतली.

साळूबाईनं तिचा हात धरला. "मिटू नको. इथं बघ माझ्याकडं. मी ह्याच्यात पयली मूठ टाकली ती शेजारणीकडनं मागून आणली होती. कुणी विचारलं न्हाई, कुणाची म्हनून. तीळ असू दे न्हाई तर कारळं, मूठ आईची हाय ना? खुशाल टाक."

"लाडू कडू झाले तर?"

"माझ्या मिरचीनं साहेब रडले तरी संक्रांत झालीच की. टाक म्हन्ते ना."

दीपमालानं मूठ माझ्यात रिकामी केली. मुसळ उचललं. आणि नाव घेतलं, पण स्वतःचं नव्हे.

"नंदाबाई," ती म्हणाली.

मित्रांनो, चाळीस वर्षांत मी हजारो घाव घेतले. तो घाव माझ्या तळापर्यंत गेला.

पुढं वंदना मॅडमनी गाणं धरलं आणि लाडू वळले गेले. दर वर्षी लाडू सगळे एकसारखे होतात. कुणाचे तीळ कुठले, ओळखू येत नाही, आणि रीतच तशी आहे. यंदा मात्र प्रत्येक लाडवावर काळे ठिपके होते, जसं चांदणं उलटं पडावं. पांढऱ्या तिळांत एकच मूठ सगळ्यांना दिसत होती.

परगावचा डबा भरला, मुकादमाच्या जीपमधून फडाकडं गेला. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत वंदना मॅडमचा फोन वाजला. त्या माझ्या कट्ट्यावरच बसल्या होत्या. दीपमालाला बोलावलं, आवाज मोठा केला. फोनमधून वारा ऐकू येत होता, उसाची पानं सळसळत होती.

"दीपे, लाडू पोचले गं. पण त्यात काळं काळं काय हाय? मी खडा समजून थुकणार व्हते बघ."

"तुझी मूठ हाय ती, आई."

"आँ?"

"तू तीळ न्हाई, कारळं बांधलं व्हतंस."

पलीकडं एक बाई हसली, मग चार बाया हसल्या, कुणीतरी म्हणालं, "नंदे, डबा बी ओळखता येईना का तुला!" नंदाबाईही हसली असावी. पण तिचा आवाज आला तेव्हा तो ओला होता.

"अंधारात चुकलं गं माझं."

"बरं झालं चुकलं," दीपमाला म्हणाली. "सगळ्यांच्या तिळात तू एकटी दिसत होतीस."

मॅडमनी तोंड फिरवलं. मी माझं तोंड फिरवू शकत नाही, म्हणून सगळं ऐकलं.

अशी माझी कहाणी. आता माझं एक मागणं ऐका आणि जा. संध्याकाळी घंटा झाली की झाकण ठेवा. आज करू, उद्या करू म्हणू नका. माझं पहिलं झाकण एका संध्याकाळी जळलं आणि त्याची किंमत पार्थच्या पायानं मोजली. हिवाळ्यात बाकावर शेजारची जागा रिकामी झाली तर तिच्या नावाची मूठ घरून आणायला विसरू नका. पाकिटं खुशाल खा, गोड असतात. पण भोगीला माझ्याकडं या. मी दगड आहे, जागचा हलणार नाही. तुम्हीही हलू नका.

आणि पुढच्या भोगीआधी मला धुताना एक काम करा. माझ्या तळाशी, डाव्या बाजूच्या खळग्यात, एक कारळं अडकलं आहे. साळूबाईनं ते पाहिलंय आणि मुद्दाम ठेवलंय. पाडव्याला नंदाबाई परत आली, तेव्हा झाकण उचलून तिनं ते बोटानं चाचपलं, काढलं मात्र नाही.

तुम्हीही काढू नका. ती तिची जागा आहे.